माणिक पांढरं पडलं

आमची खडे तपासायची लॅब ठाण्याला नौपाड्यात, पहिल्या मजल्यावर. येणारं गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं: खरा आहे का आणि लाभेल का. दुसरा प्रश्न मी हसून टाळते.

मार्चमध्ये साठीच्या एक काकू आल्या. कुंकवाच्या डबीतून अंगठी काढून त्यांनी ती ट्रेमध्ये न ठेवता माझ्या तळहातावर ठेवली. सव्वापाच रत्तीचं माणिक, खडा बोटाला टेकावा म्हणून कोंदण खालून उघडं. पण वर पांढुरक्या रेघांचं जाळं, जुन्या बशीवर असतं तसं.

"जानेवारीत ह्यांची बायपास झाली, त्याच आठवड्यात हे असं झालं. गुरुजी म्हणाले, माणिक रवीचं, रवी म्हणजे हृदय. खड्याने अंगावर घेतलं. आता तलावपाळीला सोडू की दुसरं घेऊ, सांग."

मायक्रोस्कोपखाली अंगठी फिरवली. भेगांमधून निळसर चमक सरकत होती, मध्ये चपटे बुडबुडे. शिसं असलेली काच भरलेला खडा! एरवी कोणी विचारणार नाही असं भेगाळलेलं कुरुंद, म्हणजे माणिक ज्या खनिजाचं असतं ते, घ्यायचं, भट्टीत भेगांमध्ये ही काच वितळवून भरायची, की खडा एकदम नितळ लाल दिसतो. हा माल 2004 च्या सुमारास बाजारात दिसू लागला. नुसतं भट्टीत तापवलेलं माणिक व्यापारात चालतं, ते सांगून विकलं की झालं. हे वेगळं प्रकरण. माणकाचं काठिण्य दहापैकी 9, लिंबाच्या रसाने त्याचं काही बिघडत नाही. ही काच मात्र त्या रसानेही खाल्ली जाते.

"काकू, जानेवारीत लिंबाचं लोणचं घातलंत का?"

त्या बघतच राहिल्या. "शंभर लिंबांचं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री फोडी करत बसले होते. झोप कुठली येतेय, हाताला काहीतरी चाळा हवा होता. आता ह्यांना लोणचं बंद, मी एकटीच खातेय."

"अंगठी बोटात होती?"

"काढायची नाही म्हणून बजावलं होतं ना!"

रस उघड्या कोंदणात रात्रभर मुरला असणार. मी रिपोर्ट दिला, अर्थही समजावला. किती मोजले होते, ते त्यांनी सांगितलं नाही; बिलही नव्हतं. गुरुजींच्या म्हणण्यावर मी काही बोलले नाही. ते माझं काम नव्हे, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही.

काकूंनी रिपोर्टची घडी डबीत घातली आणि अंगठी पुन्हा अनामिकेत चढवली. जिन्यात मध्येच थांबून त्यांनी वर पाहिलं.

"आता कैरीचं घालायचंय. ते चालेल ना गं?"

"तीही आंबटच, काकू. काढून ठेवा."