आजची गोळी स्किप केलीय

"अरे दीड पेगच तर झालाय याचा!" काल रात्री मित्राला रिक्षात बसवताना बाकीचे हसत होते आणि तो माझ्या खांद्यावर मान टाकून गपगार, जीभ जड झालेली.

हाच माणूस कॉलेजात चार पेग पचवून आम्हाला घरी सोडायचा.

रिक्षात हळूच म्हणाला, "आजची गोळी स्किप केलीय रे, मुद्दाम." गोळी म्हणजे क्लोनाझेपाम, अँग्झायटीसाठी, दोन महिने चालू आहे आणि आमच्यात कुणाला पत्ताच नाही.

सकाळी ओळखीच्या केमिस्टला विचारलं तर म्हणाला एक दिवस सोडून काय होतंय, ती शरीरातून निम्मी कमी व्हायलाच 30-40 तास लागतात, आणि ती आणि दारू दोघी मेंदूला एकाच बाजूने झोपवतात, जास्त झालं तर श्वासही मंदावतो. वर मनानेच गोळी बंद करणं तर अजून वाईट.

दुपारी फोन केला तर पठ्ठ्याला रिक्षा आठवतच नाहीये, शेवटचं आठवतंय ते मसाला पापड. (पापड भारी होता, ते सोडा.)

बीपीची गोळी चालू आहे म्हटलं की आपण लगेच सोडतो माणसाला. याला आम्ही तीनदा आग्रह केला. त्याने काय सांगायला हवं होतं आम्हाला?