जरा एक राउंड मारून येतो!

हे वाक्य म्हणणारा माणूस बहुतेक वेळा किल्लीसाठी हात पुढे करूनच म्हणतो. त्यात विचारणं नसतंच, नुसतं कळवणं असतं. साताऱ्यात जुनी बुलेट बाळगली की हे नित्याचं. माझी १९९४ची स्टँडर्ड ३५०, वडिलांची. पोवई नाक्यावर चहाला थांबलो की दोन-तीन जण तरी टाकीवरून हात फिरवून जातात आणि त्यातला एखादा हमखास राउंडचं बोलतो. माझी आधीची शंभर सीसीची गाडी कुणी मागितली तर मी मुकाट द्यायचो. तीच माणसं, तेच नाते, पण बुलेट तशी देता येत नाही, आणि हे लोकांच्या गळी उतरवताना बरीच डोकेफोड झाली.

खरं कारण गाडीच्या रचनेतच आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. सांगितलं की लोक म्हणतात, ‘हां हां, माहितीये.’ डोक्याला माहिती असतं, पायाला नसतं. समोर कुत्रं आडवं आलं की वर्षानुवर्षांच्या सवयीने उजवा पाय खाली दाबला जातो. ब्रेक लागत नाही, उलट वरचा गिअर पडतो आणि दीडशे किलोंहून जड गाडी तशीच पुढे जाते.

सुरुवातीला मी सबबी सांगायचो. पेट्रोल नाही म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘मी टाकतो की शंभरचं.’ क्लच वायर तुटायला आलीय म्हटलं की त्याच्या ओळखीचा मेकॅनिक तिथेच टपरीवर निघतो. सबब म्हणजे पुढच्या वेळेची तारीख देणं. ‘बायको आणि बाइक दुसऱ्याला देत नाही’ हा विनोद मात्र मी कधी वापरला नाही. तो करणारे करतात आणि बाकीचे हसतातही, मला तो ऐकवत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते घरातच. भाचा सतरा वर्षांचा. ताई म्हणाली, ‘कॉलनीतल्या कॉलनीत एक चक्कर मारू दे की, कोण बघतंय?’ मी नाही म्हणालो. ‘तुला भाच्यापेक्षा लोखंड जास्त झालं,’ असं म्हणून तिने काही दिवस फोन उचलला नाही. शेवटी दाजींशी बोललो, कारण त्यांना आकडे कळतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. दाजींनी विचारलं, ‘पण सोळाव्या वर्षी मिळतं ना लायसन्स?’ मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. बुलेट त्याच्या सातपट. पंचविशीचं ऐकल्यावर दाजी गप्प झाले आणि ताईचा फोनही आला, विषय अर्थात दुसराच काढून.

ऑफिसातल्या साहेबांना नाही म्हणणं त्यामानाने सोपं निघालं. त्यांना मी म्हटलं, ‘साहेब, एकदा लायसन्स बघू या का?’ निघालं विनागिअरचं. मुलीच्या स्कूटीसाठी कधीतरी काढलेलं. विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवणं म्हणजे त्या गाडीपुरतं विनालायसन्सच, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. साहेब स्वतःच हसले. तेव्हापासून मी पहिल्यांदा लायसन्सच मागतो. माणसावर अविश्वास दाखवावा लागत नाही, कार्डच काय ते बोलतं.

खरा पेच पडला शेजारच्या काकांमुळे. लायसन्स पक्कं, तरुणपणी बुलेटवर पंढरपूर-तुळजापूर केलेले. त्यांना काय सांगणार? म्हटलं, ‘काका, किक मारा.’ त्यांनी आधी अँमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारा काटा, पाहिला, किक हलकेच दाबत काटा मधोमध आणला, इंजिनातला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक जराशी खाली सरकवली, लिव्हर सोडला, किक वर घेतली आणि मग एकच सणसणीत मारली. गाडी चालू. हा क्रम ज्याला येत नाही त्याची किक उलटी येते आणि नडगी सुजते. किक जमली म्हणजे चालवणं जमेलच असं नाही, पण न जमलेल्याला गाडी द्यायची की नाही हा वाद तिथल्या तिथे मिटतो. कित्येक हौशी पाच-सहा किकांनंतर घाम पुसत ‘नंतर बघू’ म्हणाले.

काकांना गाडी दिली, पण विम्याचं सांगून. त्यांच्या हातून कुणाला लागलं तर थर्ड पार्टी विमा आहे, कारण त्यांचं लायसन्स वैध आहे. ते नसतं तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर माझ्याकडून वसूल करू शकली असती. मात्र काकांना स्वतःला काही झालं तर? पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघाती संरक्षण हे नोंदणीकृत मालकाचं, म्हणजे माझं. कर्नाटकात एका माणसाने दुसऱ्याची मोटारसायकल मागून नेली आणि बैलगाडीवर आदळून तो गेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली भरपाई मागता येणार नाही. मित्रांमध्ये गाड्या फिरतात तेव्हा हे कुणाच्या गावीही नसतं. काकांनी ऐकून घेतलं, ‘तसा माझा वेगळा अपघात विमा आहे,’ म्हणाले, आणि यवतेश्वरापर्यंत जाऊन आले.

बहुतेकांना खरं तर चालवायची नसतेच. त्यांना तो आवाज हवा असतो आणि फोटो. त्यांना मी मागे बसवतो, जादा हेल्मेट देतो आणि राजवाड्यापर्यंत फिरवून आणतो. फोटोसाठी गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेल्या एका जोडप्याने याच अटीवर दोन तास काढले.

पुतणीने मात्र वेगळंच विचारलं. पाडव्याला महिना होता, तेव्हा म्हणाली, ‘काका, शोभायात्रेत चालवायचीय. शिकवाल?’ गिअरचं लायसन्स तिच्याकडे होतं. पहिले काही रविवार मी तिला इंजिन चालूच करू दिलं नाही. स्टँडवर बसवायचं आणि मधेच ओरडायचं, ‘ब्रेक!’ डावा पाय न बघता पडायला लागल्यावर एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. मिरवणुकीत चालवणं हे वेगात चालवण्याहून अवघड असतं. सतत अर्धा क्लच धरला तर प्लेटा तापतात, म्हणून थांबलं की न्यूट्रल करायचं. नऊवारीचा काष्टा किकमध्ये अडकू नये म्हणून किक मी मारायची असं ठरलं. भांडण झालं ते फेट्यावरून. हेल्मेटमधून सूट पगडी घातलेल्या शीख माणसाला आहे, पाडव्याच्या फेट्याला नाही. दंड १,००० रुपये, शिवाय चालवणाऱ्याचं लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. आणि ई-चलान गाडीच्या नंबरावर, म्हणजे माझ्या मोबाइलवर. तिने तोंड फुगवलं, मग हेल्मेटलाच भगवी पट्टी लावून आली.

भाच्याला मे महिन्यात अठरा पूर्ण होतील. शिकाऊ लायसन्सचा अर्ज कसा भरायचा ते त्याने आत्ताच विचारून ठेवलंय. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी चाचणी देता येते. मी त्याला म्हटलं, आधी पक्कं लायसन्स आण, तेही गिअरचं. तोवर दर रविवारी तो येतो, गाडीवर बसतो, आणि पुतणी त्याच्या कानाशी ‘ब्रेक!’ म्हणून किंचाळते. अजून त्याचा उजवाच पाय पडतो.