होडी कुजवली ती पावसाने

तक्रार एवढीच होती की इंजिनाचे बोल्ट आवळले जात नाहीत. मालवणकडची जुनी फायबरची मच्छीमार होडी. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारीबंदी, त्यामुळे त्या वाळूवर आणि आम्हा फायबरकामवाल्यांची सुगी. पाना लावला तर बोल्ट नुसता गरगर फिरला आणि शेवटी बोटांनीच उपसून आला. आट्यांमध्ये काळा लगदा, गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा.

इंजिन बसतं ते स्ट्रिंगरवर. म्हणजे तळाला आतून लांबीने बसवलेले लाकडी दांडे, वरून फायबरचं वेष्टण. त्यांच्यावरच फ्लोअरचा प्लाय. हातोडीने ठोकत गेलो. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, खणखणीत आवाज, इंजिनाजवळ धप्प. स्ट्रिंगरच्या बुडाशी बारीक भोक पाडलं तर तपकिरी पाण्याची धार लागली. बोट लावून चव घेतली. पाणी गोडं!

मालक काका मानायला तयार नव्हते. जन्म समुद्रात गेलेल्या माणसाला होडी पावसाने कुजली हे पटणार कसं? पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही. जुने जहाज बांधणारे लाकडांच्या फटीत मीठ भरून ठेवत ते त्यासाठीच. इथे जाळ्याच्या पेटीचे स्क्रू सीलंट न लावता थेट फ्लोअरमध्ये मारलेले. होडी दर पावसाळ्यात किनाऱ्यावर, ताडपत्री फाटकी, तळातलं पाणी काढायचं बूच लावलेलंच. पाणी स्क्रूवाटे प्लायमध्ये आणि तिथून खाली, होडी तरंगती राहावी म्हणून भरलेल्या फोममध्ये उतरलं, ते बाहेर यायला वाटच नाही.

“मेस्त्री, वरसून नवीन प्लाय मार आणि सोड. माका नारळी पुनवेक होडी उतरवूची आसा.”

मी नाही म्हटलं. कुजक्यावर नवा प्लाय मारला तर तोही कुजतो, आणि इंजिनाचा सगळा हादरा पोकळ वेष्टणावर येतो. काका दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच कुदळ घेऊन आले, फोम खणायला. विटेएवढा तुकडा हातात घेतल्यावर त्याचं वजन बघून गप्प झाले.

होडीला खालून जागोजागी टेकू दिले आणि स्ट्रिंगर एका वेळी एकच कापला. सगळे एकदम काढले तर तळ आकार सोडतो, मग इंजिन आणि होडी ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट एका रेषेत येत नाही. ग्राइंडरच्या धुळीची खाज काय असते हे सांगून कळत नाही. खरा वेळ खाल्ला तो तळ सुकवण्याने. भर पावसात शेडला ताडपत्र्या लावून हॅलोजन आणि पंखे चालू ठेवले, कारण ओल्यावर पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचा द्रव, धरत नाही. हाताखालच्या पोराला रोज तेच बजावायचो: रेझिन घट्ट करणारी ही दोन रसायनं, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळ, मगच कॅटॅलिस्ट, दोन्ही एकमेकांत थेट पडले तर भडका.

नवे दांडे मरीन प्लायचे थर चिकटवून केले. सगळ्या अंगांना रेझिन, कापलेल्या टोकांना दोनदा. प्लाय पाणी पितो तो टोकाकडूनच. पुट्टीत बसवून कोपरे गोल केले, कारण काटकोनात मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, बसत नाही, खाली हवा राहते. मग मॅट आणि रोव्हिंग, म्हणजे काचतंतूंचं विणलेलं जाड कापड, आलटून पालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि सुकल्यावर त्यातच पुन्हा ड्रिल मारलं. फोम नवा भरला, पण त्याच्याखालून बुचापर्यंत पाइपची वाट ठेवली.

होडी पुनवेला उतरली. बिलावरून घासाघीस झालीच, ते चालायचंच. जाळ्याची पेटी मात्र फ्लोअरमध्ये परत ठोकू दिली नाही. ती आता बाजूला कठड्याखाली टांगलेली आहे, आणि तिला गुडघा आपटला की काका अजून माझ्या नावाने शिव्या घालतात.