आधी सेल, मग कंदील

जपानमध्ये सेलला नंबर असतात. टॉर्चचा जाडजूड सेल म्हणजे ‘तान-इची’, एक नंबर. आपला पेन्सिल सेल ‘तान-सान’, म्हणजे तीन. रिमोटमधला बारका ‘तान-योन’, चार. नंबर वाढला की सेल लहान. हे मी जपानीच्या क्लासात नाही, दुकानातल्या रिकाम्या हुकांसमोर उभी राहून शिकले.

९ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पंधरा नंबरचं वादळ चिबा शहराजवळ किनाऱ्यावर चढलं. टोकियोभोवतालच्या कान्तो भागात नऊ लाखांवर घरांची वीज गेली, त्यात आम्हीही. कंदील होता की घरात! हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), खोक्यावर डोंगर आणि तंबू छापलेला. आतले तीन तान-इची मात्र दोन वर्षं तसेच राहून पाझरले होते, पट्ट्यांवर पांढरी पुटं चढलेली. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून ती काढली. पण दुकानात तान-इची कुठले मिळायला? तान-सानचीच काही पाकिटं उरली होती.

शेजारच्या आजींनी दोन गोष्टी दाखवल्या. साधा टॉर्च पेल्यात उभा ठेवायचा आणि वर पाण्याची भरलेली बाटली. खोलीभर मऊ उजेड पसरतो. दुसरी म्हणजे प्लास्टिकची डबी, तिच्यात पेन्सिल सेल घातला की तो तान-इचीच्या मापाचा होतो. दाब तोच, दीड व्होल्ट, म्हणून दिवा लागतो. दम मात्र पाचव्या-सहाव्या हिश्श्याचाच, त्यामुळे लवकर मान टाकतो.

तेव्हापासून माझी अट एकच, कंदील तान-सानवर चालला पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळात, मुलीच्या खेळण्यांत तेच सेल असतात, अडीअडचणीला काढून घेता येतात. एका मोठ्याऐवजी तीन लहान घेतले: बसायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, संडासात. लुमेनच्या आकड्याला भुलू नका. काळोख्या खोलीत शंभर-दीडशे लुमेनमध्ये पुस्तक वाचता येतं, आणि कमी उजेडावर ठेवला तर रात्रीमागून रात्री निघतात. वरती हूक हवाच. अलगद दाबायची बटणं मला नकोत. त्यातल्या काहींत दिवा बंद असतानाही सेल थोडाथोडा खर्च होत राहतो.

चार्ज करायचे कंदील वाईट नाहीत. फुजीजवळच्या तळ्यांवर कॅम्पिंगला जाताना आम्ही तोच नेतो, गाडीत चार्ज होतो. पिवळट उजेडाचा घेतलाय, पांढऱ्यावर किडे जास्त येतात. पण आठ महिने कपाटात पडून राहिल्यावर नेमक्या वेळी तो काय करील? गावी लोडशेडिंगच्या दिवसांत फ्रिजवर इमर्जन्सी लॅम्प असायचा, आठवतोय? लाइट गेली की पाच मिनिटं लालसर डोळे मिचकावायचा आणि मग बाबा मेणबत्ती शोधायचे. कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या आमच्या आजीला निदान रॉकेल किती उरलंय ते दिसत तरी होतं.

१ सप्टेंबर इथे आपत्तीनिवारण दिन असतो, १९२३ च्या भूकंपाची तारीख. त्या दिवशी मी कंदील तपासते. सेल आत ठेवत नाही, पाकीट हँडललाच रबरबँडने बांधते, वर तारीख लिहून. मुदत संपत आलेले सेल लेकीच्या खेळण्यातल्या शिंकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला जातात. यंदाची गाडी अजून धावतेय.