पेटी तयार, पाण्याची वाटी मात्र कोरडीच

कोंबडीची अंडी उबवायला घरी बनवलेली पेटी (इनक्युबेटर) आता अंडी ठेवण्याइतकी स्थिर झाली आहे. सध्या ती रिकामीच चालवून बघतेय. दुपारी पाहा, मध्यरात्री पाहा, तापमान ३७.४ ते ३७.८ अंशांच्या मध्येच असतं. पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये कोंबडीच्या अंड्यांना साधारण ३७.५ अंश लागतात, तेव्हा त्या बाजूने मी निश्चिंत आहे. आजची नोंद मुख्यतः आर्द्रतेबद्दल. मुंबईत, तेही भर श्रावणात, सगळा खेळ तिचाच आहे.

आधी पेटीविषयी थोडक्यात. औषधांच्या घाऊक दुकानातून जाड थर्मोकोलची पेटी मिळाली. मासळीच्या पेट्या स्वस्त पडतात, पण कितीही धुतल्या तरी वास राहतो आणि उबेत जंतूंना मोकळं रान मिळतं. त्या वाटेला जाऊच नये. आत २५ वॅटचे दोन पिवळे बल्ब आहेत, लोहार चाळीतून आणलेले. एक मोठा लावण्यापेक्षा दोन लहान बरे. एक उडाला तरी दुसरा अंडी गार पडू देत नाही. खोलीच २८ अंशांवर असते, त्यामुळे पेटीला जेमतेम नऊ-दहा अंश चढायचे असतात. जास्त वॅटचा बल्ब लावला की बंद झाल्यावरही पारा वर जात राहतो. बल्बवर पत्र्याचा डबा उपडा घातलाय, म्हणजे त्याची थेट धग सेन्सरला आणि अंड्यांना लागत नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बंद बाटल्या ठेवल्यात. त्या एकदा तापल्या की झाकण उघडल्यावरही तापमान झपकन पडत नाही.

तापमान बघून बल्ब आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट डब्ल्यू १२०९, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा. नवीन असताना त्यात चालू-बंद होण्यातला फरक २ अंशांचा असतो. तो ०.२ वर आणायचा, नाहीतर अंड्यांचं तापमान दिवसभर खालीवर होत राहतं. सेन्सरचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नये. पेल्यात कोमट पाणी घेऊन सेन्सर आणि घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर एकत्र बुडवायचे. तापाचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. माझा सेन्सर ०.६ अंश कमी दाखवत होता. तेवढी दुरुस्ती त्याच्या पी-४ या सेटिंगमध्ये करता येते. सेन्सरचं टोक अंड्यांच्या मध्याच्या उंचीवर हवं, छताजवळ नको.

आता पेटीतल्या पाण्याच्या वाटीचं. इनक्युबेटरसोबत येणाऱ्या बहुतेक सूचनांमध्ये पहिल्या दिवसापासून पाणी भरून ठेवा असं असतं. कोरड्या हवेच्या ठिकाणी ते बरोबरच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तसं केलं तर अंड्यातलं पाणी पुरेसं बाहेर पडणार नाही. हवा तापली की ती जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे बाष्प तेवढंच राहूनही आर्द्रतेची टक्केवारी उतरते. माझ्या खोलीत सध्या २८ अंश आणि ८५ टक्के आहे. तीच हवा ३७.५ अंशांना तापवली की साधारण ५० टक्के होते, आणि पहिल्या १८ दिवसांना ४५ ते ५५ टक्केच हवेत! वाटी पूर्ण कोरडी ठेवून आतला आकडा ४८ ते ५२ मध्ये दिसतोय. जानेवारीत, बाहेर २५ अंश आणि ५० टक्के असताना, हाच हिशेब २५ टक्क्यांवर येतो. तेव्हा पाणी लागणारच.

यासाठी एवढी काळजी का, तर अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. कवचातून बाष्प जाईल तशी ती मोठी होते आणि कवच फोडायच्या आधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पोकळी लहान राहिली तर पूर्ण वाढ झालेलं पिल्लू आतल्या आत गुदमरतं. वीस दिवस वाढलेला जीव वाटीभर जास्तीच्या पाण्यापायी जावा, हे मला सहन होत नाही. म्हणून पेटीतली हवेची भोकंही आर्द्रतेसाठी बुजवायची नाहीत; पिल्लांना ऑक्सिजन लागतो, शेवटी तर जास्तच.

आर्द्रतामापक तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाणी घातलं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच. ते आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवलं. सकाळी ७५ दिसायला हवेत. माझा ७२ दाखवत होता, म्हणजे प्रत्येक आकड्यात तीन मिळवायचे. वर दिलेले आकडे मिळवूनच लिहिलेत. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेही याच कारणाने: हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळू लागतं.

तरी शेवटचा शब्द वजनकाट्याचा. १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. आठवड्याच्या वजनावरून अंदाज येतो: घट कमी असेल तर भोकं वाढवायची, जास्त असेल तर वाटीत थोडं पाणी.

अंडी गोराईहून मामीकडून येणार आहेत. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांचा उपयोग नाही, त्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो. मामीकडे सध्या एकही कोंबडी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार, नाही आणि श्रावणात घरात कुणी अंडी खात नाही, त्यामुळे गावठी अंडी साठताहेत. "मामी, धुऊ नकोस हं," म्हटलं तर म्हणाली, "धुतलेलं अंडं नासतं, एवढं कळतं गं मला." अंडी आठवडाभर टिकतात असं म्हणतात, पण ते १५ ते १८ अंशांच्या गारव्यात. आपल्या खोल्या २१ अंशांच्या वर असतात, तिथे गर्भाची वाढ हळूहळू, अर्धवट सुरू होते आणि तो अशक्त होतो. म्हणून चार दिवसांच्या आतलीच घेणार.

शुक्रवारी संध्याकाळच्या बोटीने अंडी खाडी ओलांडून येतील. हिंदकळलेली असणार, तेव्हा रात्रभर टोकदार बाजू खाली करून शांत ठेवायची आणि शनिवारी सकाळी पेटीत मांडायची. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, पेन्सिलनेच. फिरवणं दिवसातून पाच वेळा; विषम संख्या ठेवली की रात्रीची लांब पाळी रोज वेगळ्या बाजूला येते. सातव्या दिवशी टॉर्चवर बघून निकामी अंडी काढेन. अठरावा दिवस बुधवारी येतो. त्या दिवसापासून फिरवणं बंद, जाळीवर खरखरीत कापड, वाटीत पाणी आणि स्पंज, आर्द्रता ६५ ते ७०. शनिवारी पिल्लं निघेपर्यंत झाकण उघडायचं नाही. गणपतीला आम्ही घरी नसतो, आणि या हिशेबाने त्याआधी पिल्लं मामीच्या खुराड्यात पोचलेली असतील.