लूर्दच्या गुहेपाशी दुःखाची रहस्ये

तुलूझहून निघालेल्या गाडीत डाव्या बाजूला बसले, तर वाटेत पिरेनीज पर्वताच्या रांगा दिसू लागतात आणि सुमारे दोन तासांत लूर्द येते. फ्रान्सच्या नैऋत्येला, गाव्ह नदीच्या काठी वसलेले हे छोटे गाव. येथील गुहेत येशूची आई मरिया हिचे दर्शन झाले अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, म्हणून ते तीर्थस्थान झाले. स्थानकावर उतरणाऱ्यांमध्ये चाकांच्या खुर्चीतले, काठीच्या आधाराने चालणारे, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून पाय उचलणारे इतके असतात की, आजारी माणूस येथे अपवाद नाही हे तीर्थस्थानी पोहोचण्याआधीच समजते. किंबहुना गुहेकडे जाण्याचा पहिला मान त्यांचाच असतो. निळ्या छताच्या हातगाड्या ओढत स्वयंसेवक त्यांना नेतात आणि बाकीचे भाविक बाजूला सरून वाट देतात.

मला स्वतःला बरीच वर्षे संधिवाताचा त्रास आहे. सकाळी बोटे वळत नाहीत, त्यामुळे रोझरीचे, म्हणजे कॅथलिक जपमाळेचे, मणीसुद्धा नीट सरकत नाहीत. पण माझी खरी अडचण बोटांची नव्हती. रोझरी म्हणताना येशू आणि मरिया यांच्या जीवनातील पाच प्रसंगांचे मनन करतात, त्यांना रहस्ये म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी रोझरीत दुःखाची रहस्ये येतात: गेथशेमाने बागेतील वेदना, फटक्यांचा मार, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे आणि क्रूसावरील मरण. ज्याच्या अंगात आधीच कळ आहे त्याला आणखी यातनांकडे एकाग्रतेने पाहायला लावणारी ही प्रार्थना दिलासा कशी देणार, हा प्रश्न माझ्या मनात कित्येक दिवस होता. आजार आणि रोझरी ही दोन्ही जेथे एकाच जागी भेटतात तेथे जाऊन ती म्हणून पाहावी, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

आधी, जिला ते दर्शन झाले त्या बर्नादेत सुबिरूच्या कुटुंबाचे घर पाहिले. त्याला घर म्हणणेही कठीण आहे. एके काळी तुरुंग म्हणून वापरलेली ती एक ओलसर खोली होती. पिठाची गिरणी हातची गेल्यावर आईवडील आणि मुले तेथे राहत होती. १८५५ च्या कॉलऱ्यातून वाचलेल्या बर्नादेतला दम्याने गाठले होते. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी ही चौदा वर्षांची मुलगी सरपण गोळा करायला नदीकाठी मासाबिएलच्या कपारीपाशी, म्हणजे याच गुहेपाशी, गेली आणि तेथे तिला शुभ्र वस्त्रातील एक स्त्री दिसली. घाबरून तिने खिशातली माळ काढली आणि क्रूसाची खूण करण्यासाठी हात उचलला, पण तो कपाळापर्यंत पोहोचेना. समोरच्या स्त्रीने स्वतः खूण केली, तेव्हा कुठे बर्नादेतचा हात वर गेला. मग ती रोझरी म्हणत राहिली. त्या स्त्रीच्या बोटांतून मणी सरकत होते, पण ओठ हलत नव्हते, असे तिने पुढे सांगितले. त्या वर्षी १६ जुलैपर्यंत तिला एकूण अठरा दर्शने झाली. एरवी लूर्द म्हटले की लोकांना गुहेतला झरा आठवतो, ज्याच्या पाण्याने आजार बरे होतात अशी श्रद्धा आहे. मला मात्र या कथेतला न उचलला गेलेला हात सर्वांत जवळचा वाटतो.

गुहेसमोर दररोज दुपारी साडेतीनला फ्रेंचमधून रोझरी म्हटली जाते. मी गेले तो मंगळवार होता. भाषा येत नसली तरी वाट चुकत नाही, कारण क्रम सगळीकडे तोच असतो: एक प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया, पित्याला गौरव आणि मग पुढचे रहस्य. मी मनातल्या मनात मराठीत म्हणत होते. माझ्या शेजारच्या हातगाडीत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांची एक बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली असावी. त्यांची पत्नी स्वतःची प्रार्थना म्हणत त्यांच्या बोटांतला मणी दर वेळी पुढे सरकवत होती. दोघांची माळ एकच होती. पहिल्या रहस्याच्या वेळी माझे लक्ष त्या हातांवरच होते आणि बागेतला येशू मला वेगळा दिसू लागला. ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ असे तो म्हणतो, म्हणजे दुःख नको असे म्हणणे प्रार्थनेतच बसते. आपण सोसण्याचे एवढे गोडवे गातो की, ज्याने सोसले त्याने आधी सुटका मागितली होती हे विसरायला होते. त्याचे शिष्य जवळच झोपले होते, हेही त्याच प्रसंगात आहे. दुखणेकऱ्याला वेदनेइतकाच हा एकटेपणा ओळखीचा असतो.

चौथ्या रहस्यात कुरेने गावच्या शिमोनापाशी मी बराच वेळ रेंगाळले. तो स्वतःहून पुढे आला नव्हता. रस्त्याने जाणाऱ्याला शिपायांनी धरले आणि क्रूस वाहायला लावला. घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्या अनेकांची गत अशीच असते. त्यांनी ते काम निवडलेले नसते आणि रोज उठून ते आनंदाने करतात असेही नाही. तरीही क्रूस त्यांच्या खांद्यावर असतो तेवढा वेळ दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे उतरलेले असते. शेजारची ती बाई त्या दुपारी दमलेली दिसत होती, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

पाचवे रहस्य क्रूसावरील मरणापाशी संपते. त्या दिवसाच्या माळेत पुनरुत्थान येत नाही. पूर्वी मला हीच गोष्ट खटकत असे, पण तेथे बसल्यावर त्यामागची रचना ध्यानात आली. मंगळवारी क्रूसापाशी थांबावे लागते, आणि बुधवारी गौरवाची रहस्ये येतात, ज्यांतील पहिलेच पुनरुत्थानाचे आहे. शुक्रवारी पुन्हा क्रूस, शनिवारी आनंदाची रहस्ये, रविवारी पुन्हा गौरव. दुःखाचा दिवस गाळून पुढे जाण्याची सोय नाही आणि त्याच दिवशी कायमचे अडकून राहण्याचीही नाही. आशा ही आपल्या मनातून उपसून काढायची गोष्ट आहे असे मी धरून चालले होते, आणि ज्या दिवशी मनात काहीच नसते त्या दिवशी ती धारणा क्रूर ठरते. येथे आशा आठवड्याच्या क्रमात आधीच ठेवलेली आहे. मला फक्त पुढच्या मण्यापर्यंत जायचे असते. नमो मरियाच्या शेवटी विनंती करताना दोनच वेळा उच्चारल्या जातात, आता आणि मरणाची वेळ. मधल्या वर्षांची काळजी त्या वाक्यात नाही, आणि माझी बहुतेक भीती त्याच मधल्या वर्षांची असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्ये जोडली. त्याआधी रहस्ये पंधराच होती, आणि १९०१ मध्ये अभिषेक झालेल्या येथील रोझरी बॅसिलिकात त्या पंधरांची मोझेक चित्रे आहेत. तेथे गर्दी फार होती, म्हणून मी लवकर बाहेर पडले. हेच पोप ऑगस्ट २००४ मध्ये लूर्दला आले तेव्हा कंपवाताने थकलेले होते आणि आजारी भाविकांच्या निवासातच राहिले. तो त्यांचा अखेरचा परदेश दौरा ठरला.

येथील वैद्यकीय कार्यालयाची स्थापना १८८३ मध्ये झाली. आजवर बरे झाल्याच्या ७,००० हून अधिक नोंदी तेथे झाल्या असून ख्रिस्तसभेने त्यांतील सत्तरच्या आसपासच चमत्कार म्हणून मान्य केल्या आहेत. आजार गंभीर हवा, बरे होणे आकस्मिक आणि टिकाऊ हवे, उपचारांनी त्याचा उलगडा होता कामा नये, अशी ती चाळणी आहे. ही कसोटी मला मोलाची वाटते, कारण ती आजाऱ्याला खोटी आशा विकत नाही. तीर्थाबाहेरच्या रस्त्यावर मरियेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मांडलेल्या दुकानांबद्दल तेवढे चांगले बोलता येणार नाही.

रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. एप्रिल ते ऑक्टोबर हा तिचा हंगाम असतो. रोझरीची दशके, म्हणजे दहा-दहा नमो मरियांचे भाग, वेगवेगळ्या भाषांतून म्हटली जातात आणि ‘आवे मरिया’चे ध्रुवपद आले की हजारो हात मेणबत्त्या उंचावतात. माझा हात खांद्यापर्यंतच जात होता. पुढच्या रांगेत अनेकांचे हात तेवढेही वर जात नव्हते, आणि त्यांच्या मेणबत्त्या इतर कुणी तरी धरल्या होत्या.

बर्नादेतने १८६६ मध्ये नेव्हर येथील मठात प्रवेश केला आणि ती लूर्दला परत कधीच आली नाही. गुडघ्याच्या हाडाच्या क्षयाने जर्जर होऊन १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. या जगात सुखी करण्याचे वचन मी देत नाही, तर पुढच्या जगात, असे तिला गुहेत १८ फेब्रुवारीलाच सांगण्यात आले होते, आणि झाले तसेच. झऱ्याची जागा जिने दाखवली तिचे स्वतःचे दुखणे मात्र शेवटपर्यंत राहिले. परतल्यावर मला पुष्कळांनी विचारले की गुण आला का. सांधे पूर्वीसारखेच दुखतात, आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, आणि बोटे फारच आखडलेली असतात त्या सकाळी मी पाच दशकांऐवजी एकच म्हणते. मंगळवार असेल तर बहुधा शिमोनाचे.