सांवेरच्या ज्वारीत पानाखालचा मावा

मामांच्या ज्वारीवरचा मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, बघायला इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या बसने सांवेरला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. हीच पहिली चूक. सप्टेंबरअखेरचं माळव्यातलं ऊन आणि डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, आत वारा म्हणून नाही. तुम्ही सकाळी आठच्या आत शेतात पोचा. पोहे येताना खा.

मामांनी सोयाबीनच्या कडेला कडब्यापुरती ज्वारी लावलीय. घरचं जुनं बियाणं आणि शेजारच्या ओळीत मावा सोसणारं म्हणून आणलेलं. मी सरळ पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उघडून बघायला लागलो. निळसर हिरवा मावा दिसला, खूश झालो. मामा म्हणाले, "अरे भिया, तो मक्यावरचा. वर काय बघतोस, खाली वाक!"

खालच्या पानाच्या पाठीवर फिकट पिवळे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे. शास्त्रीय नाव मेलानाफिस सॅकराय. मादीला नराची गरज नाही, ती थेट पिल्लंच देते, त्यामुळे आठवड्यात पान भरतं. शोधायची खूण सोपी: एखाद्या पानाचा वरचा भाग तुपासारखा चकाकत असेल, तर त्याच्या वरचं पान उलटा. माव्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा तिथूनच गळतो. पुढे त्यावर काळी बुरशी चढते, मग तसा कडबा जनावर हुंगून सोडतं.

नव्या ओळीतही मावा होता, आणि मी जरा हिरमुसलो. पण प्रतिकार तीन तऱ्हांचा असतो: मावा बसायलाच नाखूश, बसला तरी वाढत नाही, किंवा वाढला तरी ज्वारीचं ताट हिरवं राहून कणीस भरतं. मामांच्या ओळीत यातलं नेमकं काय, ते एका फेरीत कळणारच नाही. पानाला दोरा बांधा, किडे मोजा, आठ दिवसांनी तेच पान पुन्हा मोजा. तिथे मावा खाणारे ढालकिडे फिरत असतील तर घट त्यांच्या खात्यातही जाते, हे विसरू नका.

चीनच्या हेनोंग 16 या ज्वारीत सहाव्या गुणसूत्रावर आरएमईएस1 हे माव्याला प्रतिकार देणाऱ्या जनुकाचं ठिकाण सापडलं. हैतीत माव्याने ज्वारी झोपवली तेव्हा तगलेल्या पैदाशीतही तेच निघालं. अमेरिकेत 2013 पासून ज्वारीवाले याच माव्याच्या कुळाशी झगडताहेत. एकाच जनुकावर सगळं शेत टाकणं मला तरी धोक्याचं वाटतं. मावा पिढ्या फार भराभर बदलतो.

सोबत दहापट भिंग, पूर्ण बाह्यांचा शर्ट (पानाची धार कापते) आणि काळ्या मातीत फसले तरी चालतील असे बूट घ्या. मावा भरलेल्या ओळीत शेवटी शिरा, नाहीतर अंगावरून तोच चांगल्या ओळीत जातो. शर्ट दुसराही ठेवा. माझ्या बाह्या इतक्या चिकट झाल्या होत्या की मामींनी दारातच अडवलं आणि चहा ओट्यावरच आणून दिला.